विरल मृत्तिका मूलद्रव्ये : शोध आणि नामकरण

माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत आवर्त सारणीचा तक्ता टांगलेला असतो. त्या तक्त्याच्या तळाशी दोन ओळी मुख्य सारणीपासून वेगळ्या काढून दाखविलेल्या असतात. त्यांपैकी वरच्या ओळीत लँथॅनमपासून ल्युटेशियमपर्यंतची मूलद्रव्ये येतात. अणुक्रमांक ५७ ते ७१ अशी ही पंधरा मूलद्रव्ये आणि मुख्य सारणीतील स्कँडियम व इट्रियम ही दोन मिळून जे सतरा जणांचे कुटुंब होते, त्यास ‘विरल मृत्तिका मूलद्रव्ये’ असे म्हणतात. वृत्तपत्रांतून यांचाच उल्लेख ‘रेअर अर्थ’ किंवा ‘दुर्मिळ खनिजे’ असा होत असतो.

परीक्षेत या ओळीवर प्रश्न क्वचितच येतो. त्यामुळे वर्गात ती बहुधा ओलांडून पुढे जाण्याचा प्रघात आहे. वास्तविक, विज्ञानात ‘शोध लागला’ असे केव्हा म्हणावे आणि त्यास पुरावा कोणता लागतो, हे समजावून देण्यास या ओळीइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. यांतील पहिल्या मूलद्रव्याची चाहूल १७९४ मध्ये लागली आणि शेवटचे १९४५ मध्ये हाती आले. मधल्या दीडशे वर्षांत नव्या मूलद्रव्यांचे अनेक दावे पुढे आले. त्यांतील थोडे टिकले, बाकीचे मागे घ्यावे लागले. अडचण ती द्रव्ये सापडण्याची नव्हती. ती एकमेकांपासून वेगळी करण्याची होती. आजही या मूलद्रव्यांच्या बाबतीत राष्ट्रांपुढे जो प्रश्न उभा आहे, तो पुष्कळ अंशी हाच आहे.

नावातील दोन्ही शब्द फसवे

अठराव्या शतकातील रसायनज्ञ पाण्यात न विरघळणाऱ्या आणि कितीही तापविले तरी न बदलणाऱ्या पदार्थांना ‘मृत्तिका’ म्हणत. चुना, मॅग्नेशिया व ॲल्युमिना हे पदार्थ त्या वेळी याच वर्गात मोडत. हे पदार्थ म्हणजे धातूंची ऑक्साइडे होत, हे पुढे समजले. तेव्हा ‘मृत्तिका’ हा शब्द येथे मातीचा वाचक नसून ऑक्साइडाचा वाचक आहे. प्रत्यक्ष मूलद्रव्ये मात्र चकाकणारे धातू आहेत.

‘विरल’ हा शब्दही असाच फसवा आहे. ज्या खनिजांत ही द्रव्ये प्रथम आढळली ती खनिजे त्या काळी फार थोड्या ठिकाणी मिळत. म्हणून हे विशेषण चिकटले. भूकवचातील सिरियमचे प्रमाण तांब्याच्या प्रमाणाशी तुलना करता येण्याजोगे आहे. थुलियम व ल्युटेशियम ही या कुटुंबातील अत्यल्प प्रमाणात आढळणारी मूलद्रव्ये. पण तीही चांदीपेक्षा अधिक आहेत. निसर्गात जवळजवळ न आढळणारे असे यांत एकच आहे, ते म्हणजे प्रोमेथियम. मात्र ही द्रव्ये सोन्याचांदीसारखी एका जागी साठून राहत नाहीत. जेथे असतात तेथे ती परस्परांत मिसळलेली असतात.

इटरबीचा काळा दगड

स्वीडनची राजधानी स्टॉकहोमच्या जवळ, समुद्रातील एका बेटावर इटरबी नावाचे गाव आहे. तेथील खाणीतून चिनी मातीच्या भांड्यांसाठी लागणारे फेल्स्पार काढले जात असे. १७८७ मध्ये कार्ल आक्सेल अऱ्हेनियस या खनिजांची आवड असलेल्या लष्करी अधिकाऱ्यास त्या खाणीत एक काळाकुट्ट आणि वजनाला जड दगड आढळला. (आयन सिद्धांत मांडणारे स्वांटे अऱ्हेनियस हे पुढील शतकातील वेगळे शास्त्रज्ञ होत, विद्यार्थ्यांची येथे गल्लत होण्याचा संभव असतो.)

या दगडाचे पद्धतशीर पृथक्करण ऑबो येथील प्राध्यापक योहान गाडोलिन यांनी १७९४ मध्ये केले. ऑबो म्हणजे आजचे फिनलंडमधील तुर्कू शहर. त्या वेळी फिनलंड स्वीडनच्या राज्यात होते. दगडाचा सुमारे ३८ टक्के भाग आजवर अज्ञात असलेल्या एका मृत्तिकेचा आहे, असे त्यांना आढळून आले. १७९७ मध्ये अँडर्स एकेबर्ग यांनी या निष्कर्षास पुष्टी दिली. इटरबी गावावरून त्या मृत्तिकेस ‘इट्रिया’ हे नाव मिळाले आणि दगड पुढे गाडोलिन यांच्या नावावरून ‘गॅडोलिनाइट’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

इट्रिया ही एकच मृत्तिका आहे, अशी सर्वांची समजूत होती. तिच्या पोटात आणखी कितीतरी मृत्तिका दडलेल्या आहेत, याची कोणास कल्पना नव्हती.

बास्टनेसची दुसरी वाट

स्वीडनमधीलच बास्टनेस येथील खाणीत एक जड, तांबूस खनिज मिळत असे. ती खाण हिसिंगर घराण्याच्या मालकीची होती. व्हिल्हेल्म हिसिंगर यांनी किशोरवयातच त्याचा नमुना त्या काळचे श्रेष्ठ रसायनज्ञ शेले यांच्याकडे पाठविला होता. परंतु शेले यांना त्यात नवे काही आढळले नाही. पुढे १८०३ मध्ये हिसिंगर यांनी तरुण बर्झीलियस यांच्या साहाय्याने त्याच खनिजातून एक नवी मृत्तिका वेगळी केली. त्याच वर्षी जर्मनीत क्लाप्रोट हेही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाप्रत आले. १८०१ मध्ये सापडलेल्या ‘सेरेस’ या लघुग्रहावरून या मूलद्रव्यास ‘सिरियम’ असे नाव देण्यात आले. अशा रीतीने इट्रिया आणि सिरिया अशा दोन मृत्तिका झाल्या. यापुढील इतिहास म्हणजे या दोघींच्या पोटातून एकेक मूलद्रव्य बाहेर काढण्याचा इतिहास होय.

मोसांडर यांची चिकाटी

हे काम प्रथम बर्झीलियस यांचे शिष्य कार्ल गुस्टाफ मोसांडर यांनी हाती घेतले. सिरियाला शुद्ध मानण्यास ते तयार नव्हते. सिरियमचे नायट्रेट तापवून उरलेल्या पदार्थावर त्यांनी क्षीण नायट्रिक अम्लाची क्रिया केली. तेव्हा काही भाग विरघळला आणि सिरिया तसाच राहिला. विरघळलेल्या भागातून १८३९ मध्ये एक नवे मूलद्रव्य मिळाले. ते सिरियमच्या आड छत्तीस वर्षे लपून राहिले होते. म्हणून ‘लपून राहणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ‘लँथॅनम’ हे नाव देण्यात आले.

१८४१ मध्ये लँथॅनमच्या मिश्रणातून त्यांनी आणखी एक द्रव्य काढले. ते लँथॅनमचे जणू जुळे भावंड; म्हणून त्याचे नाव ‘डिडिमियम’ ठेविले. १८४३ मध्ये त्यांनी इट्रियाकडे मोर्चा वळविला आणि तिचे तीन भाग केले. मुख्य भागाचे इट्रिया हे जुने नाव राहिले. उरलेल्या दोघांना त्याच खेड्याच्या नावाचे तुकडे वाटून ‘एर्बिया’ व ‘टर्बिया’ म्हणण्यात आले. मोसांडर यांनी पिवळ्या मृत्तिकेस एर्बिया व गुलाबी मृत्तिकेस टर्बिया म्हटले होते. पुढील संशोधकांच्या हातून ही नावे नेमकी उलट झाली आणि तशीच रूढ झाली. पुढे १८७८ मध्ये एर्बियामधून ‘इटर्बियम’ निघाले आणि एका लहानशा खाणगावाची आठवण इट्रियम, एर्बियम, टर्बियम व इटर्बियम या चार मूलद्रव्यांच्या नावांत कायमची कोरली गेली.

ती वेगळी का होत नाहीत ?

मूलद्रव्याचे रासायनिक वर्तन बव्हंशी त्याच्या अणूतील सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनांवर अवलंबून असते. लँथॅनमपासून पुढे प्रत्येक मूलद्रव्यात एकेक इलेक्ट्रॉन वाढतो. परंतु तो बहुतेक वेळा आतल्या कक्षेत जाऊन बसतो. बाहेरून पाहता सर्वांचा वेश सारखाच. बहुतेक सर्व जण रासायनिक क्रियेत तीन इलेक्ट्रॉन देतात. फरक उरतो तो आकारमानाचा, आणि तोही फार थोडा; ओळीत पुढे जावे तसतसा आयनाचा आकार किंचित लहान होत जातो. मीठ आणि वाळू पाण्याने सहज वेगळी होतात, कारण एक विरघळते आणि दुसरी विरघळत नाही. येथे सगळेच विरघळतात आणि जवळजवळ सारखेच विरघळतात.

या ‘जवळजवळ’ शब्दातच युक्ती होती. पाक थंड होताना त्यात खडीसाखरेचे खडे धरतात, हे सर्वांच्या परिचयाचे आहे. दोन क्षारांच्या मिश्रणातून असे स्फटिक धरू दिले, तर किंचित कमी विद्राव्य असलेला क्षार स्फटिकांत थोडा अधिक जातो आणि दुसरा द्रवात थोडा अधिक राहतो. ते स्फटिक पुन्हा विरघळवावयाचे, पुन्हा धरू द्यावयाचे, आणि प्रत्येक वेळी मागे राहिलेला द्रव शेजारच्या पात्रात घालावयाचा. यास भागशः स्फटिकीकरण म्हणतात. अमेरिकेतील न्यू हँपशर येथील चार्ल्स जेम्स यांनी शुद्ध थुलियमसाठी ही क्रिया सुमारे पंधरा हजार वेळा केली. त्यांचा हा वृत्तांत १९११ मध्ये प्रसिद्ध झाला.

जुळ्यांची ताटातूट

या पद्धतीचा गाजलेला विजय व्हिएन्ना येथे कार्ल आउअर फोन वेल्सबाख यांनी मिळविला. डिडिमियमला त्या वेळी मूलद्रव्य म्हणून मान्यता होती. मेंडेलेएव्ह यांच्या १८६९ च्या सारणीतही त्यास जागा मिळालेली होती. आउअर यांनी १८८५ मध्ये त्याच्या अमोनियम दुहेरी नायट्रेटाचे वारंवार स्फटिकीकरण करून त्याचे दोन भाग केले. एकाचे क्षार हिरवे निघाले, दुसऱ्याचे गुलाबी-जांभळे. हिरव्यास ‘प्रासिओडिमियम’ म्हणजे हिरवे जुळे आणि दुसऱ्यास ‘निओडिमियम’ म्हणजे नवे जुळे अशी नावे देण्यात आली. चव्वेचाळीस वर्षे मूलद्रव्य म्हणून मिरविलेले डिडिमियम सारणीतून काढून टाकावे लागले.

याच आउअर यांचे एक देणे आपल्याकडील खेडोपाडी पोहोचले आहे. वरातीत आणि तमाशाच्या फडावर जी गॅसबत्ती जळत असे, तिच्या जाळीचे (मँटलचे) निर्माते तेच. सुमारे ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि एक टक्का सिरियम ऑक्साइड हे त्या जाळीचे यशस्वी प्रमाण त्यांनी १८९१ मध्ये बसविले. जाळीसाठी थोरियम काढून घेतल्यावर सिरियमचा गाळ मोठ्या प्रमाणात शिल्लक राहू लागला. त्यात लोखंड मिसळून त्यांनी १९०३ मध्ये ठिणगी देणारा मिश्रधातू तयार केला. सिगारेट लायटरमधील ‘खडा’ तो हाच.

वर्णपटाची साक्ष आणि खोटे दावे

१८५९–६० च्या सुमारास बुन्सेन व किरखोफ यांनी वर्णपटदर्शकाचा उपयोग रासायनिक परीक्षणासाठी सुरू केला. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरावीक असल्यामुळे मिश्रणात अनोळखी कोणी दडला असेल तर त्याची चाहूल लागू लागली. मग शोधांची रीघच लागली. १८७९ मध्ये निल्सन यांनी स्कँडियम शोधले. मेंडेलेएव्ह यांनी १८७१ मध्ये ज्या अज्ञात मूलद्रव्याचे गुणधर्म आधीच वर्तविले होते ते हेच, हे क्लेव्हे यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी क्लेव्हे यांनी एर्बियामधून होल्मियम व थुलियम ही आणखी दोन काढली. होल्मियम हे स्टॉकहोमच्या लॅटिन नावावरून, थुलियम हे ‘थुले’ या उत्तरेकडील प्राचीन भूमीच्या नावावरून आणि स्कँडियम हे स्कँडिनेव्हियावरून आले आहे.

याच १८७९ मध्ये फ्रान्समधील लकॉक द ब्वाबोद्राँ यांनी समर्स्काइट या खनिजातून समेरियम काढले. हे खनिज समर्स्की या रशियन खाण अधिकाऱ्याच्या नावाने ओळखले जाई. त्यामुळे मूलद्रव्याच्या नावात, आडमार्गाने का होईना, प्रथमच एका व्यक्तीचे नाव आले. १८८० मध्ये मारिन्याक यांना सापडलेल्या मूलद्रव्यास पुढे गाडोलिन यांच्या स्मरणार्थ गॅडोलिनियम म्हणण्यात आले. १८८६ मध्ये लकॉक यांनी होल्मियममधून आणखी एक द्रव्य काढले आणि त्यास ‘हाती लागण्यास कठीण’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून डिस्प्रोसियम हे नाव दिले. १९०१ मध्ये देमार्से यांनी युरोपियम वेगळे केले.

परंतु वर्णपटाची साक्षही निःसंशय नव्हती. अशुद्धीचा लेशही रेषा बदलून टाकी आणि संशोधकास नवे मूलद्रव्य सापडल्याचा भास होई. इंग्लंडमधील विल्यम क्रुक्स यांच्यासारख्या नामांकित शास्त्रज्ञाने ‘व्हिक्टोरियम’ जाहीर केले. ते टिकले नाही.

१९०७ मध्ये इटर्बियमचेही दोन भाग झाले, आणि तेही स्वतंत्रपणे : पॅरिसमध्ये झॉर्झ उर्बँ व ऑस्ट्रियात आउअर. चार्ल्स जेम्सही त्याच वेळी त्याच शोधाच्या जवळ होते; परंतु त्यांनी हक्क सांगितला नाही. उर्बँ यांनी पॅरिसच्या रोमन नावावरून ‘ल्युटेशियम’ सुचविले, आउअर यांनी एका तारकासमूहावरून ‘कॅसिओपियम’. आंतरराष्ट्रीय अणुभार समितीने १९०९ मध्ये उर्बँ यांच्या बाजूने कौल दिला. त्या समितीचे स्वतः उर्बँ हेही एक सदस्य होते. जर्मन भाषक रसायनज्ञ पुढे कित्येक वर्षे कॅसिओपियम हेच नाव वापरीत राहिले.

मोझली यांची मोजणी

या कुटुंबात एकूण माणसे किती, हेच ठाऊक नसल्यामुळे वाद संपत नव्हते. इंग्लंडमधील तरुण भौतिकीविज्ञ हेन्री मोझली यांनी १९१३–१४ मध्ये निरनिराळ्या मूलद्रव्यांच्या क्ष-किरणांची कंप्रता मोजली. मूलद्रव्यामागून मूलद्रव्य घेतले की कंप्रतेचे वर्गमूळ सारख्या पायऱ्यांनी वाढते, असे त्यांना आढळले. त्यामुळे प्रत्येक मूलद्रव्यास नक्की क्रमांक देता आला. लँथॅनमचा क्रमांक ५७, ल्युटेशियमचा ७१. अर्थात या ओळीत पंधराच जागा, एकही कमी नाही की अधिक नाही. उर्बँ १९१४ मध्ये आपले नमुने घेऊन ऑक्सफर्डला गेले. त्यांनी ‘सेल्टियम’ म्हणून जाहीर केलेले द्रव्य नमुन्यात नाही, हे मोझली यांनी थोड्याच दिवसांत दाखवून दिले. १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणभूमीवर मोझली मारले गेले. त्या वेळी त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते.

या मोजणीत ६१ क्रमांकाची जागा रिकामी दिसत होती. १९२६ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी ‘इलिनियम’ आणि इटलीतील संशोधकांनी ‘फ्लोरेंशियम’ अशी नावे त्या जागेवर सांगितली. दोन्ही दावे फोल ठरले. कारण उघड होते : या मूलद्रव्याचा एकही स्थिर समस्थानिक नाही. सर्वांत दीर्घायुषी समस्थानिकाचेही अर्धायुष्य सुमारे १८ वर्षांचेच आहे. १९४५ मध्ये अमेरिकेतील ओक रिज येथे मॅरिन्स्की, ग्लेंडेनिन व कोरिएल यांनी युरेनियमच्या भंजनातून उरलेल्या पदार्थांत ते ओळखले. शोध जाहीर झाला तो १९४७ मध्ये. कोरिएल यांच्या पत्नी ग्रेस मेरी यांनी, देवांकडून अग्नी पळवून आणणाऱ्या प्रोमेथियसवरून, प्रोमेथियम हे नाव सुचविले.

वाळूपासून चुंबकापर्यंत

ओक रिज येथील संशोधकांना यश मिळाले ते आयन विनिमय या नव्या पद्धतीमुळे. त्यानंतर द्रावक निष्कर्षणाची पद्धत आली. हजारो स्फटिकीकरणांचे काम ओळीने मांडलेल्या शेकडो टाक्यांतून अखंड होऊ लागले. त्यामुळे ही द्रव्ये उद्योगांच्या आवाक्यात आली. १९८० नंतरच्या दशकात जपान व अमेरिकेत निओडिमियम, लोह व बोरॉन यांचे अत्यंत प्रबळ चुंबक तयार झाले. उष्णतेत ते टिकावेत म्हणून त्यात डिस्प्रोसियम घालतात. विजेवर चालणारी वाहने, पवनचक्क्या व ध्वनिक्षेपक यांत हे चुंबक असतात.

भारतात या खनिजाची ओळख गॅसबत्तीच्याच निमित्ताने झाली. त्रावणकोरच्या किनाऱ्यावरील वाळूत मोनॅझाइट असल्याचे शोंबर्ग या जर्मन रसायनज्ञास १९०९ मध्ये आढळले आणि जाळीच्या कारखान्यांसाठी ते परदेशी जाऊ लागले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये इंडियन रेअर अर्थ्‌स या कंपनीची स्थापना झाली. १९५२ मध्ये केरळातील आलुवा येथे मोनॅझाइटवर प्रक्रिया करणारा कारखाना आणि १९५५ मध्ये मुंबईजवळ तुर्भे येथे थोरियमचा कारखाना सुरू झाला. आपल्या मोनॅझाइटमध्ये लँथॅनम, सिरियम, निओडिमियम ही हलकी मूलद्रव्ये भरपूर आहेत. डिस्प्रोसियम, टर्बियम यांसारखी जड मूलद्रव्ये फार थोडी आहेत.

एप्रिल २०२५ मध्ये चीनने समेरियम, गॅडोलिनियम, टर्बियम, डिस्प्रोसियम, ल्युटेशियम, स्कँडियम व इट्रियम या सातांच्या निर्यातीस परवाना आवश्यक केला, तेव्हा अनेक देशांतील वाहन कारखान्यांना चुंबकांची चणचण भासली. खनिज पुष्कळ देशांत आहे. ते शुद्ध स्वरूपात वेगळे करण्याचे कारखाने आणि कसब मात्र मुख्यत्वे एकाच देशात एकवटले आहे. ‘दुर्मिळ’ हा शब्द खनिजापेक्षा या कसबास अधिक लागू पडतो. साठा सापडल्याची बातमी वाचताना तो वेगळा करण्याची सोय कोठे आहे, हा प्रश्न प्रत्येकाने स्वतःस विचारावा.

वर्गात करून पाहण्याजोगे

भागशः स्फटिकीकरणाची कल्पना शिक्षकांना तुरटी व मोरचूद यांच्या साहाय्याने सहज देता येईल. गरम पाण्यात भरपूर तुरटी आणि चिमूटभर मोरचूद विरघळवून द्रावण रात्रभर निवू द्यावे. तुरटीचे फिकट निळसर स्फटिक धरतील. ते गाळून घेऊन थोड्या स्वच्छ गरम पाण्यात पुन्हा विरघळवावे आणि पुन्हा धरू द्यावे. प्रत्येक खेपेस निळी झाक कमी होत जाते, हे विद्यार्थी डोळ्यांनी पाहतील. मोरचूद विषारी असल्याने प्रयोग शिक्षकांच्या देखरेखीखालीच करावा, स्वयंपाकाची भांडी वापरू नयेत आणि नंतर हात स्वच्छ धुवावेत.

तुरटी दोन-तीन खेपांत शुद्ध होते, कारण तिचे आणि मोरचुदाचे गुणधर्म भिन्न आहेत. गुणधर्म जवळजवळ सारखे असते, तर किती खेपा कराव्या लागल्या असत्या, आणि आता खरोखर एकच पदार्थ उरला हे कशावरून ठरविले असते, असे विद्यार्थ्यांना विचारावे. याच प्रश्नाचे उत्तर शोधण्यात रसायनज्ञांच्या पाच पिढ्या खर्ची पडल्या.